समास सोडून लिहा

वहीच्या डाव्या बाजूला एक उभी रेघ असते. त्या रेघेच्या अलीकडची कोरी जागा म्हणजे समास (व्याकरणातला नव्हे, वहीतला!). तेहतीस वर्षं मी मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवला. दर जूनमध्ये नव्या वर्गाला माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "समास सोडून लिहा." आणि दरवर्षी एखादा तरी हिशेबी विद्यार्थी विचारायचाच, "बाई, एवढी जागा वाया जाते की!"

हा प्रश्न मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा भेटला, तोही कुठे, तर गेम खेळायच्या मॉनिटरवर. आता निवृत्त शिक्षिकेने मॉनिटरच्या रिझोल्युशनवर लिहावं हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. मलाही वाटतंय. पण गेल्या काही महिन्यांत या विषयाने माझं इतकं डोकं खाल्लं आहे आणि शेवटी इतकं काही दिलं आहे, की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, इंजिनियरिंगसाठी आमच्या गावी माझ्याकडे राहतो. एकोणीस वर्षांचा आहे. त्याने साठवलेल्या पैशांतून एक २४ इंची मॉनिटर आणला. गेमिंगचा. म्हणजे काय वेगळं असतं त्यात, असं मी विचारलं. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, हा १४४ वेळा बदलतो, असं उत्तर मिळालं. बरं. मॉनिटर आला, टेबलावर बसला आणि दुसऱ्याच दिवशी रात्री बारा वाजेपर्यंत त्याची खुडबुड सुरू. कारण काय, तर गेम उघडला की दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसतात आणि त्याला त्या नको होत्या.

मला झोप लवकर लागत नाही. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि म्हटलं, "मला नीट समजावून सांग बघू. दुसऱ्याला सांगता सांगता आपल्यालाच कळतं." हा शिक्षकी पेशातला जुना अनुभव. तर त्याने सांगितलेलं आणि मी नंतर वाचून ताडून घेतलेलं असं आहे.

मॉनिटरच्या पडद्यावर ठिपक्यांची एक जाळी असते. ह्याच्या जाळीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत. हे त्याचं मूळ रिझोल्युशन. भागाकार केला की १६ ला ९ हे प्रमाण येतं. नातू खेळतो तो काउंटर-स्ट्राइक नावाचा गेम. तो १९९९ साली आला तेव्हा घरोघरी जाड काचेचे मॉनिटर होते, आणि त्यांचं प्रमाण ४ ला ३ होतं. पुढे पडदे रुंद झाले, पण अनेक पट्टीच्या खेळाडूंनी जुनं प्रमाण सोडलं नाही. आज काउंटर-स्ट्राइक २ चालू आहे (तो २०२३ साली आला), तरी पुष्कळ मुलं अजून ४:३ मध्येच खेळतात. नुसतं तेवढंच नाही, तर ते ४:३ चं चित्र रुंद पडद्यावर कडेपर्यंत ताणून खेळतात.

"ताणून का?" मी विचारलं.

"समोरचा माणूस रुंद दिसतो आजी. नेम धरायला बरं."

मी कागद घेतला. १६:९ ला ४:३ ने भागलं तर पुन्हा ४:३ च येतात! म्हणजे प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा एकतृतीयांशाने रुंद होते. ९ सेंटिमीटर उंचीचं वर्तुळ १२ सेंटिमीटर रुंद लंबवर्तुळ होतं. पण यात फुकट काही नाही. या गेममध्ये १६:९ च्या चित्रात बाजूबाजूचं सुमारे १०६ अंशांपर्यंतचं दिसतं, ४:३ मध्ये फक्त ९० अंश. म्हणजे कडेने येणारा माणूस उशिरा दिसतो. शिवाय रुंद झालेला माणूस पडद्यावर आडवा पळतोही तितक्याच जास्त वेगाने. हे मी त्याला दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, "माहितीये. तरी मला तसंच आवडतं."

इथे माझी काही तक्रार नाही. भूगोलाच्या तासाला मी वर्षानुवर्षं ताणलेलं चित्रच भिंतीवर टांगत होते की! मर्केटरचा १५६९ सालचा नकाशा दिशा सरळ रेषेत मिळावी म्हणून ध्रुवांकडचा प्रदेश ताणतो. त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे, आणि ग्रीनलंड आपल्या भारताच्या सुमारे दोनतृतीयांश. पण खलाशाला क्षेत्रफळ नको होतं, दिशा हवी होती. त्याने किंमत समजून सौदा केला होता. नातवानेही केला आहे. ताणणाऱ्याला आपण काय ताणलंय हे ठाऊक असेल, तर त्याला फसवणूक म्हणता येत नाही.

तर, काम होतं पट्ट्या घालवण्याचं. त्यासाठी चित्र नेमकं कोण कोण हाताळतं हे शोधावं लागतं. या हातांची मोजदाद केली तर चार निघाले. पहिला हात गेमचा, तो सांगतो की मी १४४० बाय १०८० चं (म्हणजे ४:३ चं) चित्र देतो. दुसरा विंडोजचा. तिसरा ग्राफिक्स कार्डाचा. चौथा खुद्द मॉनिटरचा. लहान चित्र मोठ्या पडद्यावर कसं बसवायचं हे तिसरा किंवा चौथा हात ठरवतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्याला तीन पर्याय आहेत : प्रमाण राखा, पूर्ण पडदा भरा, किंवा जसं आहे तसं मधोमध ठेवा. एएमडीच्या कार्डालाही असेच तीन आहेत. आणि हे काम कार्डाने करायचं की मॉनिटरने, हेही तिथे निवडावं लागतं. मॉनिटरच्या खालच्या बटणांतून उघडणाऱ्या यादीतही पुन्हा हाच पर्याय असतो. काही मॉनिटरवर चित्राचा वेग जुळवून घेणारी सोय चालू असली की तो पर्याय फिका पडतो, दाबला तरी हलत नाही. मग काम कार्डाकडे द्यायचं.

नातवाचं घोडं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. १४४० बाय १०८० हे माप त्याच्या यादीतच नव्हतं. याचं कारण मला फार आवडलं. मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला आपलं ओळखपत्र देतो. ईडीआयडी म्हणतात त्याला. मूळ पत्र अवघं १२८ बाइटचं. माझा बनवणारा कोण, मला कोणकोणती मापं दाखवता येतात, माझा पडदा किती सेंटिमीटर रुंद आणि किती उंच, हे सगळं त्यात असतं. शाळेत प्रवेशाच्या वेळी मूल दाखला घेऊन येतं, तसंच. ज्या मापाची नोंद दाखल्यात नाही ते आपण हाताने लिहायचं, त्यालाच कस्टम रिझोल्युशन म्हणतात. नातवाने ते लिहिलं होतं, पण वेगाच्या रकान्यात ६० तसेच राहिले होते. दर मापाला आपापला वेग असतो, एकाचा दुसऱ्याला लागू होत नाही, हे लक्षात आल्यावर त्याने १४४ घातले. (काही मॉनिटरना हा वेग एचडीएमआयच्या वायरीतून मिळत नाही, डिस्प्लेपोर्टची वायर लावावी लागते. ह्याचं आधीच ठीक होतं.) मग उत्साहाच्या भरात त्याने १४४ च्याही वर जाऊन पाहिलं, तर पडदा काळा आणि मध्ये "आउट ऑफ रेंज" ही पाटी! मी घाबरले, तो नाही. अशा वेळी हात जोडून पंधरा सेकंद गप्प बसायचं असतं. "हे बदल ठेवू का?" या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की विंडोज आपणहून मागे येतं. पुढल्या आयुष्यात माणसांनाही अशी सोय मिळाली तर बरं होईल.

या खटपटीत आणखी एक गोष्ट कळली. आपल्याला १९२० बाय १०८० चं चित्र दिसतं, पण सेकंदाला ६० च्या ठरलेल्या पद्धतीत वायरीतून जे जातं ते २२०० बाय ११२५ एवढं मोठं असतं. बाकीची किनार कोरी. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये चित्र काढणाऱ्या किरणाला एक ओळ संपवून दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला परत यायला थोडा वेळ लागे, त्या वेळेची ती जागा. काचेचे मॉनिटर गेले, किनार बारीक झाली, पण अजून आहे. हे वाचून मी उठून नातवाला सांगितलं, "बघ, प्रत्येक चित्राला समास असतोच. तुला दिसत नाही एवढंच."

शेवटी घोडं कुठे पेंड खात होतं? त्याचा गेम 'बॉर्डरलेस' म्हणजे बिनचौकटीच्या खिडकीत चालू होता. त्या पद्धतीत गेम आपलं माप लावत नाही, डेस्कटॉपचंच घेतो. गेमला पूर्ण पडद्यावर चालवायचं किंवा मग डेस्कटॉपच १४४० बाय १०८० करायचा. त्याने दुसरा मार्ग घेतला, चित्र कडेपर्यंत ताणलं गेलं आणि स्वारी खूष. मीही झोपायला गेले. विषय संपला, असं वाटलं.

आता खरी गोष्ट.

१९९८ साली माझ्या मुलीचं लग्न झालं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे व्हिडिओ शूटिंग केलं होतं. ह्यांचं चालतं-बोलतं चित्र म्हणाल तर एवढंच. हे २००४ साली गेले, नातवाच्या जन्माच्या आधी. नंतर कॅसेट खराब होईल म्हणून २००७ मध्ये एका दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतली. मी ती कधी पाहिली नाही. मन झालं नाही. मुलीच्या घरी मात्र लागायची अधूनमधून. दिवाळीत, लग्नाच्या वाढदिवसाला. नातू ती बघतच मोठा झाला. ह्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो म्हणाला, "आजी, मोठ्या पडद्यावर लावतो, बघ एकदा." का कोण जाणे, मी हो म्हटलं.

मंगल कार्यालय दिसलं. अंतरपाट, अक्षता, गर्दी. आणि पांढरा शर्ट घातलेला एक रुंद, थोराड माणूस कॅमेऱ्याकडे बघून हात जोडत होता.

नातू हसून म्हणाला, "आजोबा आज नेहमीपेक्षा जास्तच जाड दिसतायत."

मला हसू आलं नाही. हे काटकुळे होते. पंचावन्न किलोच्या वर त्यांचं वजन कधी गेलं नाही. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा अंगावर. मी म्हटलं, "हे आजोबा नाहीत. काहीतरी ताणलंय."

तो लगेच म्हणाला, "हो हो, डेस्कटॉप तसाच राहिलाय." पण नुसत्या अंदाजावर जायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्याने पेंटमध्ये शिफ्ट दाबून एक वर्तुळ काढलं. मी फूटपट्टी लावली. उंची ९ सेंटिमीटर, रुंदी १२. चोर सापडला. डेस्कटॉप पुन्हा १९२० बाय १०८० वर आणला. वर्तुळ ९ बाय ९ झालं.

व्हिडिओ पुन्हा लावला. नातू म्हणाला, "झालं. आता बरोबर. आजोबा असेच आहेत."

"नाहीत," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं, कारण त्याने लहानपणापासून पाहिलेले आजोबा हेच होते. मी पुन्हा पडद्यात बघू लागले. मापायला काहीतरी गोल हवं होतं. ताटं होती, पण ती तिरकी. मग ह्यांच्या मागे, कार्यालयाच्या भिंतीवर, अगदी समोरून दिसणारं गोल घड्याळ सापडलं. चित्र थांबवून पट्टी लावली. उंची ४ सेंटिमीटर, रुंदी साडेपाचला थोडी कमी. म्हणजे पुन्हा तेच, एकतृतीयांश जास्त! मगाशी काय असेल ते बघावं म्हणून डेस्कटॉप परत बिघडवून मोजलं : उंची ३, रुंदी तीच. एकावर एक दोन ताण बसले होते. म्हणून तो माणूस पावणेदोन पटींहून जास्त रुंद दिसत होता.

मॉनिटर निर्दोष होता. ग्राफिक्स कार्डही. मग दुसरा ताण आला कुठून? डीव्हीडीतून. आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ च्या जाळीत साठवतात. चित्र जुन्या प्रमाणाचं असो की रुंद, जाळी तीच. दाखवताना ते ४:३ ने दाखवायचं की १६:९ ने, हे सांगणारी एक बारीकशी खूण सोबत लिहिलेली असते. आमच्या डीव्हीडीवर ती खूण १६:९ ची होती. तेव्हा रुंद टीव्ही नवे नवे येत होते, पडदा पूर्ण भरला की गिऱ्हाईक खूष होत असेल. जावयाने पुढे डीव्हीडीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, त्यात खूणही आली.

नातवाने व्हीएलसीमध्ये कळफलकावरचं 'ए' हे अक्षर दाबलं. प्रमाण बदलत बदलत ४:३ वर आलं. घड्याळ गोल झालं. आणि त्याच्या पुढे माझा नवरा उभा होता. गालफडं बसलेली, मान बारीक, शर्ट खांद्यावरून उतरलेला.

बराच वेळ आम्ही कोणी बोललो नाही. मग नातू हळूच म्हणाला, "आजी, हे तर माझ्यासारखे दिसतात." तोही काडीपैलवानच आहे.

दोन्ही कडांना साडेसहा-साडेसहा सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या आल्या होत्या. सवयीने तो म्हणालाच, "पण कडेला किती जागा वाया जाते." मी म्हटलं, "जाऊ दे."

रात्री मुलीला फोन केला. तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, खरं सांगू? मला हल्ली बाबा तसेच आठवतात. थोडे जाडे."

ह्या वाक्याने मी हादरले. नातवाने आजोबा पाहिलेच नव्हते, त्याचं सोडा. पण ती त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली, सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेली. सत्तावीस वर्षांच्या ओळखीवर एका चुकीच्या खुणेने मात केली! डोळ्याला काय, चार दिवस वाकडं दाखवलं की तेच सरळ वाटू लागतं. टीव्हीवर जुने चित्रपट ताणून दाखवतात तेव्हा आपण दहा मिनिटं कुरकुरतो आणि मग विसरतो. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालेला आहे. तो रुंद पडद्यावर आणायचा तर तीनच रस्ते आहेत. ताणा, म्हणजे सगळेच अंगाने भरतात. वरून-खालून कापा, म्हणजे डोकी आणि पाय जातात. नाहीतर कडेला काळी जागा सोडा. उलटही तसंच. १९५९ चा 'कागज के फूल' सिनेमास्कोपमध्ये काढलेला, तो जुन्या टीव्हीवर बसवायचा तर वर-खाली जागा सोडा, नाहीतर बाजूची माणसं छाटा. १६:९ हे प्रमाण काही कोणाला सुंदर वाटलं म्हणून आलेलं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या केर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित आकार एकावर एक ठेवून पाहिले आणि सगळ्यांना सामावून घेणारा हा मधला आकार निघाला. म्हणजे मुळात ही चौकटच तडजोडीची. त्यात काही चित्रांच्या कडेला काळं राहणार, हे गृहीतच धरलेलं आहे.

त्यानंतरचे काही दिवस मी ह्याच विचारात होते. वाटलं, व्हिडिओचं एक सोडा. माणूस गेला की त्याचं हेच होतं. ह्यांच्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले होते की त्यांना कधी राग आलेला कोणी पाहिला नाही. मी खाली मान घालून ऐकत होते. ह्यांना राग यायचा. दोन-दोन दिवस अबोला धरायचे. पण माणूस जातो तेव्हा घरात एवढी मोठी पोकळी होते, आणि मागे उरलेल्या आठवणी तेवढ्या नसतात. मग आपण आहेत त्या आठवणी ओढून ओढून कडेपर्यंत नेतो. पडदा भरतो, माणूस बदलतो.

आणि त्याचा त्रास जिवंत माणसाला होतो. माझी मुलगी नातवाला फोनवर नेहमी सांगते, "आजोबा असते तर त्यांना हे गेमचं वेड मुळीच चाललं नसतं." हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या विषयांवर ऐकते आहे. आजोबांना उशिरा उठणं चाललं नसतं, आजोबांना कमी मार्क चालले नसते. तो बिचारा न पाहिलेल्या एका भरभक्कम आजोबांच्या धाकात वाढला.

त्या रविवारी मी त्याला सांगितलं की तुझे आजोबा जिल्हा परिषदेतून सहाला सुटायचे आणि नऊ वाजेपर्यंत कॅरम खेळायचे. जेवण गार व्हायचं. स्ट्रायकर स्वतःचा वेगळा ठेवायचे, रुमालात बांधून. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. हरले की घरी येऊन बोर्ड कसा सपाट नव्हता ते मला सांगायचे.

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे आजोबांना पण बोर्डाच्या सेटिंगचा प्रॉब्लेम होता!" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आजी, मी आवडलो असतो का गं त्यांना?"

"हो" म्हणणं किती सोपं होतं. कुठल्याही आजीने म्हटलं असतं. पण नुकतंच पट्टी लावून घड्याळ मोजलं होतं ना. मी म्हटलं, "ते मला नाही सांगता येणार बाळा. तुमची भेटच झाली नाही. पण त्यांना काटकुळी, हट्टी आणि हरल्यावर कारणं सांगणारी माणसं आवडायची, एवढं मला माहीत आहे. त्यांचे सगळे मित्र तसेच होते."

त्याने पुढे काही विचारलं नाही. मीही वाढवून काही सांगितलं नाही.

मुलीला ही कॅरमची गोष्ट मी कळवली आहे. ती म्हणाली, "आई, तू त्याला फूस लावतेस." लावते. पण गेल्या दोन आठवड्यांत 'आजोबा असते तर' मी ऐकलेलं नाही, आणि नातू खेळतो तितकाच, पण दार उघडं ठेवून.

तुमच्याकडेही जुन्या कॅसेटवरून केलेल्या डीव्हीड्या असतील. एकदा लावून बघा. चित्रात समोरून दिसणारं काही गोल शोधा. घड्याळ, गाडीचं चाक, भिंतीवरची थाळी. पट्टी लावा. रुंदी-उंची सारखी नसेल तर आधी डेस्कटॉपचं माप मूळ रिझोल्युशनवर आहे ना ते बघा, मग ग्राफिक्स कार्डात 'प्रमाण राखा' आहे ना ते, मग मॉनिटरच्या यादीत, आणि सगळ्यात शेवटी व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रमाण बदलून बघा. एक चूक सापडली म्हणून थांबू नका, दुसरी असू शकते. कस्टम मापं करत असाल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आधीचं माप कागदावर लिहून ठेवा.

आमच्या फाइलची नातवाने एक नवी प्रत केली आहे. त्यात चित्राला हात न लावता फक्त ती खूण ४:३ केली. मूळ प्रतही ठेवली आहे. गेम खेळायला बसला की तो पडदा ताणतो, उठला की पूर्ववत करतो. पेन ड्राइव्हच्या डबीवर मी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे :

"लग्न, १९९८. प्रमाण ४:३. कडा काळ्या दिसतील. दिसू द्याव्यात."